ड्राफ्टमधला 'पिक स्वॅप': नंबर बदलून घेण्याचा हक्क कसा वाचावा

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या मोठ्या ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, बातमी आपल्याकडे बऱ्याचदा सकाळच्या चहासोबत येते. कोण कुठे गेला हे एका नजरेत कळतं. त्याखाली मात्र एक ओळ असते: अमुक संघाला २०२५, २०२७ आणि २०२९ चे पहिल्या फेरीचे पिक, शिवाय २०२६ आणि २०२८ मध्ये स्वॅपचा हक्क. नवीन प्रेक्षक 'पिक'पर्यंत वाचतो आणि 'स्वॅप' हा शब्द किरकोळ समजून पुढे सरकतो. माझ्या मते त्या ओळीत थांबून वाचावा असा शब्द तोच आहे. बॉस्टनच्या संघाच्या हाती २०१७ मध्ये ड्राफ्टचा पहिला नंबर आला, तो अशाच एका शब्दाच्या जोरावर.

आधी रांग समजून घ्या

आयपीएलची सवय असलेल्यांनी लिलाव डोक्यातून काढून टाकावा. एनबीएत नवे खेळाडू पैसे मोजून विकत घेतले जात नाहीत. दर जूनमध्ये ड्राफ्ट होतो आणि संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. ३० संघ आणि दोन फेऱ्या, म्हणजे मूळ हिशेबाने ६० नंबर. पिक म्हणजे या रांगेतला आपला नंबर, एवढंच. नंबर कितवा आहे हे आधी माहीत नसतं आणि तो कुणालाही देता येतो. या दोन गोष्टींमुळे पिक हे एक प्रकारचं चलन होऊन बसलं आहे.

क्रम ठरतो तो हरणाऱ्याला झुकतं माप देऊन. प्लेऑफमध्ये न पोहोचलेले १४ संघ लॉटरीत जातात. २०१९ च्या ड्राफ्टपासून लागू झालेल्या पद्धतीत सर्वांत खराब कामगिरीच्या तीन संघांना पहिल्या नंबरची प्रत्येकी १४ टक्के शक्यता मिळते आणि पुढच्यांची शक्यता कमी कमी होत जाते. सोडतीने फक्त पहिले चार नंबर ठरतात, बाकीचे कामगिरीच्या उलट क्रमाने लागतात. त्यामुळे तळाचा संघ फार तर पाचव्या नंबरपर्यंत घसरतो. १५ ते ३० हे नंबर प्लेऑफमधल्या संघांचे. हंगामात सर्वाधिक सामने जिंकणारा संघ पहिल्या फेरीत शेवटी निवडतो.

दुसऱ्या फेरीतल्या पिकचेही स्वॅप होतात, पण सुरुवातीला तिकडे लक्ष दिलं नाही तरी चालेल. त्या फेरीतून निकोला योकिचसारखा खेळाडू ४१ व्या नंबरवर मिळून जातो. पंजाबचा सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये ५२ व्या नंबरवर डॅलसने निवडला, तोही याच फेरीत. पण ट्रेडचं पारडं झुकवतात ते पहिल्या फेरीचे नंबर.

पिक दिला आणि स्वॅप दिला, यातला फरक

पिक दिला म्हणजे नंबर गेला. त्या वर्षी त्या फेरीत तुम्ही रांगेतच नाही. स्वॅपमध्ये रांगेतून कुणी बाहेर पडत नाही. हक्क ज्याच्याकडे आहे तो संघ दोन्ही नंबर पाहतो. समोरच्याचा नंबर चांगला असेल तर तो घेतो आणि आपला त्याला देतो. आपलाच चांगला असेल तर हक्क वापरत नाही आणि वर्ष तसंच निघून जातं.

म्हणजे हक्क बाळगणाऱ्याचं त्यात नुकसान कधीच होत नाही. फायदा होतो किंवा काहीच होत नाही. देणारा मात्र एकाच बाजूने उघडा असतो. त्याची अवस्था बिघडली तर त्याचा फायदा दुसरा नेतो, आणि अवस्था सुधारली तर नंबर मुळातच मागचा असतो.

यावरून पहिला नियम निघतो आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे: स्वॅपची किंमत एका संघावरून ठरत नाही, त्या विशिष्ट वर्षी दोन संघांमध्ये किती अंतर असेल यावरून ठरते. २०२३ मध्ये ब्रॅडली बीलसाठी फिनिक्सने वॉशिंग्टनला २०२४, २०२६, २०२८ आणि २०३० असे चार स्वॅप दिले. त्यातल्या २०२४ च्या वर्षी वॉशिंग्टन फक्त १५ सामने जिंकलं आणि त्याचा नंबर दुसरा आला, तर फिनिक्सचा आला बाविसावा. स्वॅपचा प्रश्नच उरला नाही. बातमीत 'चार स्वॅप' असं भरघोस दिसतं, पण त्यातला एक जवळजवळ दिला त्याच दिवशी रिकामा होता.

मग संघ सरळ पिकच का देत नाहीत?

याचं उत्तर क्लीव्हलँडमध्ये आहे. टेड स्टेपियन हा १९८० मध्ये तिथल्या कॅव्हेलियर्स संघाचा मालक झाला. त्याच्या काळात संघाने पहिल्या फेरीचे पिक असे वाटले की भविष्यच रिकामं झालं. त्यातला एक पिक लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे होता. १९८२ मध्ये तो पहिल्या नंबरचा ठरला आणि त्या वर्षी आधीच विजेतेपद मिळवलेल्या लेकर्सनी त्यावर जेम्स वर्दीला घेतलं. १९८३ मध्ये संघ गंड बंधूंनी विकत घेतला, तेव्हा संघ सावरावा म्हणून लीगने त्यांना जादा पिक विकत घेण्याची सवलत दिली. पुन्हा असं होऊ नये म्हणून जो नियम झाला तो आजही 'स्टेपियन नियम' म्हणून ओळखला जातो: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हाती नाही, अशी स्थिती कोणत्याही संघाने ओढवून घ्यायची नाही.

दुसरी मर्यादा काळाची. सात ड्राफ्टच्या पलीकडचा पिक देता येत नाही.

आता दोन्ही नियम एकत्र ठेवा. लागोपाठची वर्षं द्यायची नाहीत, म्हणून एक वर्ष सोडून एक द्यायचं. मधल्या वर्षांचं काय? तिथे स्वॅप. स्वॅपमध्ये संघाकडे नंबर राहतोच, फक्त तो बदललेला असतो, त्यामुळे नियम मोडत नाही. २०२२ मध्ये डोनोव्हन मिचेलसाठी क्लीव्हलँडने युटाला दिलेली यादी पाहा: २०२५, २०२७, २०२९ चे पिक आणि २०२६, २०२८ चे स्वॅप. ब्रुकलिनने जानेवारी २०२१ मध्ये जेम्स हार्डनसाठी ह्यूस्टनला २०२२, २०२४, २०२६ चे पिक आणि २०२१, २०२३, २०२५, २०२७ चे स्वॅप दिले. सलग सात वर्षं, एकही मोकळं नाही.

अशी यादी दिसली की समजावं, संघाने जे जे देता येत होतं ते सगळं दिलं आहे. ज्या संघामुळे हा नियम करावा लागला त्या क्लीव्हलँडनेच हा आराखडा पुरेपूर वापरावा, हे मला दरवेळी वाचताना विलक्षण वाटतं.

बॉस्टन आणि ब्रुकलिन: हा धडा सावकाश वाचा

जुलै २०१३. ब्रुकलिनला ताबडतोब विजेतेपद हवं होतं. त्यांनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट, पॉल पियर्स आणि जेसन टेरी घेतले. गार्नेट ३७ वर्षांचा, पियर्स ३५ चा. बदल्यात बॉस्टनला खेळाडूंसोबत २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक मिळाले, आणि २०१७ साठी स्वॅप.

त्या दिवशी २०१७ चा स्वॅप शेपटासारखा वाटणं साहजिक होतं. बॉस्टन संघ मोडून नव्याने बांधायला निघालं होतं आणि ब्रुकलिन वर चढत होतं. चार वर्षांनी चित्र उलटलं. ब्रुकलिनने पहिल्या हंगामात ४४ सामने जिंकले, मग ३८, मग २१, आणि २०१६-१७ मध्ये फक्त २०. लीगमधली ती सर्वांत खराब कामगिरी. त्याच हंगामात बॉस्टन ५३ सामने जिंकून पूर्व विभागात अव्वल होतं.

लॉटरीत ब्रुकलिनचा नंबर पहिला निघाला. बॉस्टनने आपला २७ वा नंबर देऊन तो घेतला. पूर्व विभागातला सर्वोत्तम संघ ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडणार, आणि ६२ सामने हरलेला संघ २७ व्या नंबरवर थांबणार. ड्राफ्टची मांडणी ज्या न्यायासाठी आहे तो न्याय एका स्वॅपने पूर्ण फिरवला. मला ब्रुकलिनच्या प्रेक्षकांसाठी तेव्हा वाईट वाटलं, कारण पराभवाची भरपाई म्हणून जे मिळायचं तेसुद्धा त्यांच्या वाट्याला आलं नाही.

या ट्रेडमधला २०१६ चा पिक तिसऱ्या नंबरचा ठरला आणि बॉस्टनने जेलन ब्राउन घेतला. २०१७ चा पहिला नंबर बॉस्टनने स्वतः वापरलाच नाही. तो त्यांनी फिलाडेल्फियाला दिला आणि तिसरा नंबर अधिक भविष्यातला एक पहिल्या फेरीचा पिक घेतला. फिलाडेल्फियाने पहिल्यावर मार्केल फल्ट्झ निवडला, बॉस्टनने तिसऱ्यावर जेसन टेटम. टेटम आणि ब्राउन या जोडीने २०२४ मध्ये बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलं आणि ब्राउन अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

नवशिक्याने यातून घ्यायचं ते असं: स्वॅपचं वर्ष आणि आजच्या खेळाडूंची वयं शेजारी शेजारी मांडा. ३७ वर्षांच्या खेळाडूसाठी चार वर्षांनंतरचा हक्क दिला जात असेल, तर त्या चौथ्या वर्षी तो खेळाडू संघात नसणार, पण देणं मात्र उरणार.

नंबर पाहायचे ते लॉटरीनंतर

आता तो तिसरा नंबर फिलाडेल्फियाकडे आला कुठून, हे पाहू. तोही स्वॅपमधूनच आला होता.

२०१५ मध्ये सॅक्रामेंटोला नवे खेळाडू करारबद्ध करण्यासाठी पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. त्यांनी निक स्टाउस्कस, कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन फिलाडेल्फियाला दिले, सोबत एक भविष्यातला पिक आणि २०१६ व २०१७ चे स्वॅप. फिलाडेल्फिया तेव्हा लीगच्या तळाशी होतं. तळाच्या संघाला त्याच्यापेक्षा बऱ्या संघाबरोबर नंबर बदलून काय मिळणार? २०१६ मध्ये खरंच काही मिळालं नाही, कारण पहिला नंबर फिलाडेल्फियाकडेच होता.

२०१७ मध्येही हंगाम संपला तेव्हा हक्क निरुपयोगी दिसत होता. फिलाडेल्फियाने २८ सामने जिंकले होते, तळापासून चौथे. सॅक्रामेंटोने ३२ जिंकले होते, तळापासून आठवे. पण सोडतीत सॅक्रामेंटोचा नंबर उडी मारून तिसरा झाला आणि फिलाडेल्फियाचा पाचवर घसरला. फिलाडेल्फियाने लगेच बदल केला. सॅक्रामेंटोने पाचव्या नंबरवर डीअॅरन फॉक्स घेतला आणि तो उत्तम निघाला, पण तिसरा नंबर त्यांच्या हातून गेला तो गेलाच.

म्हणून गुणतक्ता पाहून स्वॅपचा निकाल सांगू नका. दोन्ही संघ लॉटरीत असतील तर मे महिन्यातली सोडत होईपर्यंत काहीही पक्कं नसतं. अमेरिकेत ती संध्याकाळी असते, आपल्याकडे पहाटे-सकाळी. ज्यांच्या आवडत्या संघाचा स्वॅप पणाला लागला असेल, त्यांनी त्या दिवशी जरूर लवकर उठावं.

लहान फायदे

सगळेच स्वॅप असे नाट्यमय नसतात. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जसाठी क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पिकची रास दिली, त्यात २०२३ आणि २०२५ चे स्वॅप होते. २०२३ चा वापरावा लागला नाही. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी ६८ सामने जिंकून अव्वल होतं, त्यामुळे त्याचा नंबर तिसावा. क्लिपर्सनी ५० जिंकले होते, त्यांचा २४ वा. बदल झाला आणि सहा जागा पुढे सरकता आलं. तो हंगाम ओक्लाहोमा सिटीने विजेतेपदाने संपवला. शिखरावरच्या संघाला जवळजवळ कुणाशीही केलेला स्वॅप फायद्याचाच पडतो, फक्त फायदा छोटा असतो.

२०१९ मध्येच अँथनी डेव्हिससाठी लेकर्सनी न्यू ऑर्लिन्सला २०२३ चा स्वॅप दिला होता. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सचा नंबर १४ आणि लेकर्सचा १७. हक्क तसाच पडून राहिला.

अटींची बारीक अक्षरं

इथे सर्वांत जास्त गफलती होतात. स्वॅपला 'प्रोटेक्शन' असू शकतं. रसेल वेस्टब्रुकच्या २०१९ च्या ट्रेडमध्ये ह्यूस्टनने ओक्लाहोमा सिटीला २०२१ चा स्वॅप दिला, पण टॉप-४ प्रोटेक्टेड. अर्थ असा की ह्यूस्टनचा नंबर पहिल्या चारात आला तर तो त्यांचाच राहणार. त्या हंगामात ह्यूस्टनने १७ सामने जिंकले, ५५ हरले, लीगमध्ये सर्वांत तळाला. तळाचा संघ पाचव्या नंबरवर घसरण्याची शक्यता ४७.९ टक्के असते. म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. ह्यूस्टनला दुसरा नंबर मिळाला, त्यांनी जेलन ग्रीन घेतला आणि स्वॅप लागू झाला नाही. पाचवा निघाला असता तर तो हातचा जात होता.

बातमीत 'अनप्रोटेक्टेड' असा शब्द असेल तर अशी कोणतीही ढाल नाही असं समजा. प्रोटेक्शनचा उल्लेखच नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, पहिल्या तासाभरातल्या बातम्यांत अटी बहुधा सुटून जातात.

दुसरी गफलत एकावर एक रचलेल्या हक्कांची. फिनिक्सचंच पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केव्हिन डुरँटसाठी त्यांनी ब्रुकलिनला २०२३, २०२५, २०२७, २०२९ चे पिक आणि २०२८ चा स्वॅप दिला. चार महिन्यांनी बीलसाठी वॉशिंग्टनला दिलेल्या स्वॅपमध्येही २०२८ होतं. एकाच वर्षावर दोन हक्क! अशा वेळी आधीचा हक्क आधी. पहिल्याने आपला बदल करून घेतल्यावर देणाऱ्याकडे जो नंबर उरतो, त्याच्याशीच दुसऱ्याला आपला नंबर ताडून पाहता येतो. दुसऱ्या रांगेतल्या हक्काची किंमत त्यामुळे बरीच घटते.

तिसरी, 'दोघांतला जो चांगला असेल तो' ही भाषा. न्यू ऑर्लिन्सकडे जून २०२५ मध्ये मिलवॉकीबरोबरचा २०२६ चा स्वॅप होता, २०२० च्या जरू हॉलिडेच्या ट्रेडमधून आलेला. ड्राफ्टच्या रात्री २३ व्या नंबरवरून १३ व्यावर येऊन डेरिक क्वीनला घेण्यासाठी त्यांनी अटलांटाला २३ वा नंबर दिला आणि सोबत २०२६ च्या आपल्या व मिलवॉकीच्या पिकपैकी जो चांगला निघेल तो, कोणत्याही प्रोटेक्शनशिवाय. म्हणजे स्वॅपचा हक्क पुढे तिसऱ्याकडेही जातो. दहा जागांसाठी दोन संघांमधला चांगला नंबर देणं मला तेव्हाही अति वाटलं होतं आणि आजही वाटतं.

दिलेला हक्क परतही आणता येतो

जून २०२४ मध्ये ब्रुकलिनने मिकाल ब्रिजेसला न्यूयॉर्कला पाठवलं आणि संघ नव्याने बांधायचं ठरवलं. अडचण एकच होती. हरून मिळणारा चांगला नंबर ह्यूस्टन नेणार होतं, २०२५ ला स्वॅपने आणि २०२६ ला सरळ पिकने. मग हरण्याला अर्थ काय? म्हणून त्यांनी फिनिक्सकडून मिळालेले हक्क ह्यूस्टनला देऊन स्वतःची ही दोन वर्षं सोडवून आणली. २०२५ मध्ये ब्रुकलिनचा नंबर आठवा आला आणि त्यावर त्यांनी एगोर डेमिनला निवडलं. २०१७ ची जखम झालेल्या संघाने यावेळी आधी आपला नंबर घरी आणला आणि मगच मोडतोड सुरू केली, हे पाहून बरं वाटलं.

बातमी हातात आली की

कागद घ्या. प्रत्येक वर्षाची एक ओळ करा आणि तिच्यापुढे पिक की स्वॅप ते लिहा. स्वॅपच्या ओळीत दोन संघांची नावं शेजारी शेजारी लिहा, कारण एकट्या नावाला अर्थ नाही. हक्क कुणाचा त्यावर खूण करा.

मग त्या वर्षी दोन्ही संघांतल्या मुख्य खेळाडूंची वयं आणि करार कुठवर आहेत ते पाहा. हक्क बाळगणारा वर जाणारा आणि देणारा म्हातारा होत जाणारा असेल तर ओळ जाड करा. उलट असेल तर ती फिकट ठेवा, पण खोडू नका. सॅक्रामेंटोचं उदाहरण त्यासाठीच सांगितलं.

त्यानंतर प्रोटेक्शन आणि आधीचे हक्क तपासा. संघांच्या अधिकृत निवेदनात तपशील मोघम असतो. रिअलजीएमसारख्या ठिकाणी प्रत्येक संघाच्या भावी पिकची अटींसकट नोंद असते, ती पाहावी. ट्रेडच्या दिवशीच नव्हे, दोन दिवस थांबून.

सरावासाठी ब्रिजेसचीच ट्रेड घ्या. न्यूयॉर्कने ब्रुकलिनला स्वतःचे २०२५, २०२७, २०२९, २०३१ चे पिक दिले, मिलवॉकीचा एक प्रोटेक्टेड पिक दिला आणि २०२८ चा स्वॅप दिला. २०२५ ते २०३१ मधल्या रिकाम्या वर्षांवर बोट ठेवा: २०२६, २०२८, २०३०. त्यातल्या एकाच वर्षी स्वॅप आहे. आता २०२८ ची ओळ काढा, एका बाजूला न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला ब्रुकलिन, खूण ब्रुकलिनच्या नावावर. जेलन ब्रन्सनचा जन्म १९९६ चा आहे. त्याचं त्या वर्षीचं वय शेजारी लिहा, आणि ब्रुकलिनने तोवर निवडलेल्या पोरांची वयं त्याच्या खाली.